सोमल, सरबत आणि वेळलेला भात

"डॉक्टर, तांदळात आर्सेनिक असतं म्हणे. मग भात बंदच करू का?"

मोबाइलवर फिरणारा एखादा संदेश वाचून हा प्रश्न हल्ली बरेच जण विचारतात. गिरगाव, दादर, परळ, लालबाग इथल्या घरांची मुळे बहुतेक कोकणात. या घरांना 'भात सोडा' असे सांगणे म्हणजे जेवणच सोडा असे सांगण्यासारखे आहे. म्हणून उत्तर आधीच देऊन टाकतो. भात सोडू नका. तो शिजवण्याची पद्धत थोडी बदला आणि घरात लहान बाळ असेल तर जरा जास्त लक्ष द्या.

पण नुसते उत्तर पाठ करून भीती जात नाही. ही भीती येते ती तीन वेगळे प्रश्न एकत्र कालवल्यामुळे. अन्नात विष आहे का? असेल तर किती आहे? आणि कोणत्या रूपात आहे? हे तीन प्रश्न सुटे करायला वैद्यकशास्त्राला दीडशे वर्षे लागली. त्या इतिहासात मुंबईचाही वाटा आहे. तो समजून घेतला की असे संदेश वाचून तुमची झोप उडणार नाही.

ओळखीचे विष

आर्सेनिक हे नाव परके वाटले तरी हा पदार्थ आपल्या जुन्या ओळखीचा आहे. आर्सेनिक आणि गंधक यांचे पिवळे खनिज म्हणजे हरताळ. तांबूस खनिज म्हणजे मनशीळ. आणि आर्सेनिकचे पांढरे चूर्ण म्हणजे सोमल. पूर्वी हस्तलिखितात चूक झाली की ती अक्षरे झाकायला त्यावर हरताळाचा पिवळा लेप देत. 'हरताळ फासणे' हा शब्दप्रयोग तिथून आला. आपण तो रोज वापरतो, पण हरताळ म्हणजे काय हे फारसे कुणाला आठवत नाही.

सोमल औषध म्हणूनही वापरात होता. आयुर्वेदातील रसौषधींत तो आहे आणि युरोपातही होता. १७८६ साली थॉमस फाउलर या इंग्रज डॉक्टरने सोमलाचे एक द्रावण प्रचारात आणले. पुढे शंभराहून अधिक वर्षे डॉक्टर ते हिवताप, दमा आणि त्वचारोगांवर थेंबाथेंबाने देत राहिले. ते वर्षानुवर्षे घेणाऱ्यांच्या तळहातांवर, तळपायांवर कडक गाठी येतात आणि काहींना त्वचेचा कर्करोग होतो, हे लंडनच्या जोनाथन हचिन्सन यांनी १८८०च्या दशकात दाखवून दिले. एका दिवसाच्या मात्रेने काहीही होत नाही, पण तीच मात्रा वर्षानुवर्षे घेतली तर होते, ही गोष्ट तेव्हा प्रथम ठळकपणे पुढे आली. ती लक्षात ठेवा. आजच्या भाताच्या प्रश्नाचे मर्म तिच्यातच आहे.

पहिला प्रश्न: विष आहे का?

एकोणिसाव्या शतकात मात्र लोकांना भीती होती ती मुद्दाम घातलेल्या विषाची. सोमल पांढरा असतो, त्याला चव नाही आणि वास नाही. पिठात, साखरेत तो बेमालूम मिसळतो. त्याची बाधा झालेल्या माणसाला उलट्या, जुलाब, पायात गोळे आणि शेवटी हातपाय गार पडणे असा त्रास होतो. हे वर्णन थेट कॉलऱ्याचे आहे. त्या काळच्या मुंबईत कॉलरा सतत होताच. त्यामुळे एखाद्याचा मृत्यू पटकीने झाला की जेवणातून, हे नुसते रुग्णाकडे पाहून सांगणे डॉक्टरलाही अवघड होते.

उत्तर रसायनशास्त्राने दिले. १८३६ साली जेम्स मार्श या इंग्रज रसायनतज्ज्ञाने अत्यल्प आर्सेनिकही पकडणारी चाचणी शोधली. कायदाही मागोमाग आला. मुंबई इलाख्यात १८६६ सालीच विषांच्या विक्रीवर नियंत्रण आणणारा कायदा झाला. सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानसाठी तसा कायदा व्हायला १९०४ साल उजाडले आणि त्याचा मुख्य रोख पांढऱ्या सोमलावरच होता.

या काळातले सर्वांत गाजलेले प्रकरण बडोद्याचे. ९ नोव्हेंबर १८७४ रोजी बडोद्याचे रेसिडेंट कर्नल फेअर सकाळी फिरून आले आणि रोजच्याप्रमाणे पपनसाच्या रसाचे सरबत प्यायले. दोन-तीन घोटांतच त्यांना मळमळू लागले. त्यांनी उरलेले सरबत फेकून दिले, तेव्हा पेल्याच्या तळाशी गाळ दिसला. सोमल थंड पाण्यात फारसा विरघळत नाही, तो खाली बसतो. तोच गाळ पुरावा ठरला.

रेसिडेन्सीचे डॉक्टर सीवर्ड यांनी तो तपासला आणि खात्रीसाठी मुंबईला पाठवला. मुंबई सरकारचे रासायनिक विश्लेषक म्हणून काम पाहणारे डॉ. वेलिंग्टन ग्रे यांना त्यात सोमल सापडला. शिवाय एक चकाकणारी भुकटीही होती. ती हिऱ्याची असावी असे मत पडले. महाराज मल्हारराव गायकवाडांवर विषप्रयोगाचा आळ आला आणि १८७५ साली सहा जणांच्या आयोगापुढे चौकशी झाली. तीन इंग्रज सदस्यांना आरोप सिद्ध झाला असे वाटले, तीन हिंदी सदस्यांना तसे वाटले नाही. तरीही एप्रिल १८७५ मध्ये मल्हाररावांना गादीवरून दूर करण्यात आले.

राजकारण बाजूला ठेवून या प्रकरणाकडे पाहा. प्रयोगशाळेने एका प्रश्नाचे उत्तर दिले होते: पेल्यात सोमल आहे. तो कुणी घातला, हे प्रयोगशाळा सांगू शकत नव्हती. तपासणीचा अहवाल जेवढे विचारले तेवढेच सांगतो. पुढचा अर्थ माणसांनी लावायचा असतो. आजही हातात रिपोर्ट घेऊन आलेल्या प्रत्येकाला मला हेच सांगावे लागते.

भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात रसायनशास्त्र आणि न्यायवैद्यक शिकवणारे डॉ. आय. बी. लायन हेही मुंबई सरकारचे रासायनिक विश्लेषक होते. हिंदुस्थानातल्या न्यायवैद्यकावरचे त्यांचे पाठ्यपुस्तक पुढे अनेक आवृत्त्यांमधून डॉक्टरांच्या पिढ्यांनी वाचले. अन्नातले विष शोधण्याचे शास्त्र या शहरात रुजले ते असे.

दुसरा प्रश्न: किती आहे?

१९०० साली इंग्लंडमधल्या मँचेस्टर भागात हजारो लोकांचे हातपाय बधिर होऊ लागले, चालता येईना, त्वचा काळवंडू लागली. हे बहुतेक बिअर पिणारे कामगार होते. त्यामुळे 'दारूने नसा गेल्या' हे निदान तयारच होते. पण डॉ. अर्नेस्ट रेनल्ड्स यांना शंका आली. दारूने त्वचा अशी काळी का पडावी? आणि बिअरपेक्षा कडक दारू पिणारे त्यातून का सुटावेत? त्यांनी बिअर तपासली आणि आर्सेनिक सापडले.

ते आले कुठून? बिअरसाठी लागणारी साखर बनवताना गंधकाम्ल वापरले जाई. ते आम्ल ज्या खनिजापासून केले होते त्यात आर्सेनिक होते. कुणीही विष घातले नव्हते, तरी ६,००० हून अधिक लोक आजारी पडले आणि किमान ७० जण दगावले. लॉर्ड केल्विन यांच्या अध्यक्षतेखाली शाही आयोग बसला. अन्नातल्या आर्सेनिकला आकड्यात मर्यादा घालावी, असे त्याने सुचवले. आजच्या मापात सांगायचे तर घन पदार्थात किलोमागे सुमारे १.४ मिलिग्रॅम आणि द्रवात लिटरमागे सुमारे ०.१४ मिलिग्रॅम.

प्रश्न इथे बदलला. आर्सेनिक हे मूलद्रव्य माती, पाणी, खडक सगळीकडे थोडे थोडे असते. त्यामुळे 'आहे का?' या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा 'हो' असेच येणार. विचारायचे ते 'किती?' अन्नातल्या दूषित घटकांचे आजचे सगळे कायदे याच विचारावर उभे आहेत. आपल्याकडचा १९५४चा अन्नभेसळ प्रतिबंधक कायदाही त्यातलाच आणि त्याची जागा घेणारा २००६चा अन्नसुरक्षा कायदाही.

विहिरीतून ताटात

आता आपल्या उपखंडाकडे येऊ. बंगालच्या खेड्यांत लोक तळ्यांचे दूषित पाणी पिऊन कॉलऱ्याने, जुलाबांनी मरत होते. त्यावर उपाय म्हणून कूपनलिका खोदल्या गेल्या. जुलाब कमी झाले, पण गंगा-ब्रह्मपुत्रेच्या गाळात खोलवर असलेले आर्सेनिक त्या पाण्यातून वर आले. १९८३ साली कोलकात्याचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. क्षितीशचंद्र साहा यांनी रुग्णांच्या अंगावरचे पावसाच्या थेंबांसारखे ठिपके आणि तळहातांवरच्या गाठी पाहून निदान केले. पुढे बांगलादेशात जे दिसले त्याला इतिहासातली सर्वांत मोठी सामूहिक विषबाधा म्हटले गेले.

महाराष्ट्राच्या सीमेलगतही एक ठिकाण आहे. गडचिरोलीला लागून असलेल्या छत्तीसगडच्या अंबागड चौकी भागातल्या कौडीकसा परिसरात १९९९ साली भूजलात आर्सेनिक असल्याचे प्रसिद्ध झाले. तिथे कारण नदीचा गाळ हे नसून खालचा जुना खडक हे आहे.

पाण्याचा प्रश्न कळला तसा भाताचाही कळला. भातशेतीत पाणी साठवून ठेवतात. पाण्याखालच्या मातीत प्राणवायू उरत नाही, तेव्हा मातीला घट्ट चिकटलेले आर्सेनिक सुटून पाण्यात येते. भाताच्या मुळांना सिलिका हवी असते. सिलिका आत घेण्याच्या वाटेनेच आर्सेनिकही आत शिरते. म्हणून गहू-ज्वारीपेक्षा तांदळात ते कितीतरी जास्त आढळते. दाण्यात ते कोंड्याच्या थरात अधिक असते. त्यामुळे हातसडीच्या तांदळात पॉलिश केलेल्या तांदळापेक्षा जास्त मिळते.

आंतरराष्ट्रीय अन्नमानके ठरवणाऱ्या कोडेक्सने २०१४ साली पॉलिश केलेल्या तांदळासाठी किलोमागे ०.२ मिलिग्रॅम अजैविक आर्सेनिकची मर्यादा ठरवली. जरा हिशेब करू. दिवसाला १५० ग्रॅम तांदूळ खाणाऱ्याला बरोबर मर्यादेवरच्या तांदळातून ३० मायक्रोग्रॅम आर्सेनिक मिळेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेवरचे, म्हणजे लिटरमागे १० मायक्रोग्रॅमचे पाणी दिवसाला दोन लिटर प्यायल्यास २० मायक्रोग्रॅम मिळेल. सोमलाच्या घातक मात्रेपेक्षा हे हजारो पटींनी कमी आहे. या भाताने आज किंवा उद्या काही होणार नाही. प्रश्न आहे तो हचिन्सन यांनी दाखवलेला, रोज थोडे थोडे आणि तीस-चाळीस वर्षे घेण्याचा. दीर्घकाळच्या जास्त संपर्काने त्वचा, मूत्राशय आणि फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. म्हणून जिथे सहज कमी करता येईल तिथे ते कमी करावे, इतकेच.

तिसरा प्रश्न: कोणत्या रूपात?

वर 'अजैविक' हा शब्द आला. तो महत्त्वाचा आहे, विशेषतः दादरच्या मासळीबाजारातून रविवारी पिशवी भरून आणणाऱ्यांसाठी.

समुद्रातल्या मासळीत एकूण आर्सेनिक तांदळापेक्षाही जास्त असते. मग आपण कोळंबी आणि सुरमई खाऊन अजून धडधाकट कसे? याचे उत्तर १९७७ साली ऑस्ट्रेलियात मिळाले. तिथल्या संशोधकांनी शेवंडीतल्या आर्सेनिकचे रूप ओळखले. ते कार्बनी रेणूत बांधलेले 'आर्सेनोबीटेन' होते. हे रूप शरीरात काही न करता लघवीवाटे जवळपास जसेच्या तसे निघून जाते. विषारी असते ते मुख्यतः अजैविक रूप, म्हणजे सोमलाच्या जातीचे. भूजलातले आर्सेनिक याच जातीचे असते आणि तांदळातल्या आर्सेनिकचाही मोठा भाग.

याचा व्यवहारात अर्थ असा. आरोग्य तपासणीच्या एखाद्या 'पॅकेज'मध्ये लघवीतले किंवा रक्तातले आर्सेनिक वाढलेले आले, तर घाबरण्याआधी आठवा की आदल्या दोन-तीन दिवसांत मासळी खाल्ली होती का. तपासणी खरोखर गरजेची असेल तर आधी चार-पाच दिवस मासळी बंद ठेवावी लागते किंवा अजैविक आर्सेनिक वेगळे मोजून घ्यावे लागते. कसलीही लक्षणे नसताना आणि संपर्काची शक्यता नसताना ही तपासणी करायची गरज नाही.

मुंबईकराचे ताट

मुंबईकर एका बाबतीत नशीबवान आहे. १८६० साली विहार तलावाचे पाणी नळाने शहरात आले. नंतर तुळशी, तानसा, वैतरणा, भातसा अशी भर पडत गेली. आपले नळाचे पाणी डोंगरातल्या पावसाचे आहे, खोल गाळातून उपसलेले नाही. बंगालातल्या खेड्यात दूषित पाण्यात भात शिजवला की आर्सेनिक वाढते. आपल्याकडे त्याच कृतीने ते कमी करता येते.

तांदूळ मात्र मुंबईत पिकत नाही. १९४२ साली ब्रह्मदेश जपानच्या ताब्यात जाईपर्यंत या शहराच्या ताटात रंगूनचा तांदूळ मोठ्या प्रमाणावर होता. आज दुकानात वेगवेगळ्या राज्यांचा तांदूळ मिळतो. आर्सेनिक किती, हे तो कुठल्या शेतात पिकला यावर ठरते आणि दाण्याकडे पाहून ते कळत नाही. म्हणून आपल्या हातात दोनच गोष्टी राहतात: तांदळाचे प्रकार अधूनमधून बदलणे आणि शिजवण्याची रीत.

ही रीत आपल्या आज्यांना माहीत होती, अर्थात आर्सेनिकसाठी नव्हे. टोपात भरपूर पाणी उकळायचे, तांदूळ वैरायचे, शीत शिजत आले की वेळणी लावून पाणी काढून टाकायचे. हा वेळलेला भात. कोकणातून गिरगावच्या चाळीत आणि गिरणगावच्या खाणावळीत ही रीत आली. १९५९ नंतर प्रेशर कुकर देशातच बनू लागले आणि घरोघरी पोचले. वेळ वाचला, रॉकेल आणि गॅस वाचला आणि दोन वाट्या तांदळाला चार वाट्या पाणी हे माप ठरले. आता पाणी काढायचा प्रश्नच नाही. तांदळातले जे काही पाण्यात उतरते ते सगळे भातातच मुरते.

आधुनिक प्रयोग काय सांगतात? तांदळाच्या सहा ते दहा पट पाण्यात भात शिजवून पाणी काढून टाकले तर अजैविक आर्सेनिक साधारण ४० ते ६० टक्के कमी होते. पण त्या पाण्याबरोबर 'ब' गटातली जीवनसत्त्वेही जातात. पोषक द्रव्ये मिसळलेल्या तांदळातून तर ती निम्म्याहून अधिक जाऊ शकतात. रेशनवर आता असा पोषणयुक्त तांदूळ मिळतो. ज्यांचे पोषण मुख्यतः त्याच्यावर अवलंबून आहे, विशेषतः गरोदर स्त्रियांचे, त्यांनी तो रोज वेळू नये.

मधला मार्ग इंग्लंडमधल्या शेफील्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी तपासला. एक वाटी तांदळाला चार वाट्या पाणी उकळायचे, त्यात तांदूळ पाच मिनिटे उकळू द्यायचे, ते पाणी ओतून टाकायचे. मग दोन वाट्या ताजे पाणी घालून मंद आचेवर भात मुरवायचा. या रीतीने पॉलिश केलेल्या तांदळातले अजैविक आर्सेनिक सुमारे ७३ टक्के आणि हातसडीच्या तांदळातले सुमारे ५४ टक्के कमी झाले.

मग घरी काय करायचे?

१. तांदूळ दोन-तीनदा स्वच्छ धुवा. याने आर्सेनिक थोडेच कमी होते, पण काही बिघडत नाही.

२. दोन्ही वेळा भात खाणाऱ्या घरात एका वेळचा भात तरी वरच्या पाच मिनिटांच्या रीतीने करा. पहिले पाणी काढल्यावर पुढचे काम कुकरमध्ये केले तरी चालेल.

३. घावणे, आंबोळी, तांदळाची भाकरी यांतले पाणी काढता येत नाही. ज्या दिवशी न्याहारीला ती असतील, त्या दिवशी एका जेवणात ज्वारी, नाचणी किंवा गव्हाची भाकरी-पोळी घ्या. गणपतीतले मोदक या हिशेबात धरू नका.

४. बाळ वजनाच्या मानाने मोठ्या माणसाच्या दोन-तीन पट अन्न खाते. म्हणून युरोपने बाळांचे अन्न बनवण्यासाठीच्या तांदळाला किलोमागे ०.१ मिलिग्रॅम, म्हणजे मोठ्यांच्या तांदळापेक्षा कमी मर्यादा ठेवली आहे. सहा महिन्यांनंतर वरचे अन्न सुरू करताना केवळ तांदळाच्या पेजेवर किंवा डब्यातल्या तांदळाच्या पिठावर बाळाला ठेवू नका. नाचणीचे सत्त्व, मुगाची डाळ, रवा, बटाटा, फळे आलटून पालटून द्या. पाच वर्षांखालील मुलाला दुधाऐवजी तांदळापासून केलेले 'दूध' देऊ नका.

५. मधुमेहासाठी हातसडीचा तांदूळ खात असाल तर तो बंद करू नका. त्यातल्या चोथ्याचा फायदा आहे. फक्त वरची रीत वापरा आणि अधूनमधून ज्वारी-बाजरी खा.

६. गहू चालत नाही अशा सीलिॲक रुग्णांनी सगळी भिस्त तांदळावर ठेवू नये. आपल्याकडे ज्वारी, बाजरी, नाचणी, वरी, राजगिरा आहेत.

७. गावी कूपनलिकेचे पाणी पीत असाल आणि तो भाग आर्सेनिकग्रस्त असेल, तर आधी पाणी बदला. पाणी उकळून आर्सेनिक जात नाही.

८. लेबल नसलेल्या पुड्या, 'ताकदीची भस्मे' घेऊ नका. सोमल किंवा हरताळ असलेले औषध फक्त नोंदणीकृत वैद्यांच्या देखरेखीखाली घ्यायचे असते. आधुनिक वैद्यकातही सोमल आहे. रक्ताच्या एका विशिष्ट कर्करोगावर तो आज जीव वाचवणारे औषध आहे आणि परळच्या टाटा स्मारक रुग्णालयासारख्या केंद्रांत मोजून-मापून दिला जातो.

तळहात-तळपायांवर कडक बारीक गाठी, छाती-पाठीवर गडद आणि फिकट ठिपके, पायमोज्यासारखी चढत जाणारी बधिरता असे काही दिसले तर डॉक्टरांना दाखवा. मुंबईत यामागे मधुमेह, 'ब-१२'ची कमतरता किंवा साधा त्वचाविकार असण्याची शक्यता आर्सेनिकपेक्षा कितीतरी अधिक आहे. त्यांची तपासणी आधी करावी लागते.

पुढच्या वेळी मोबाइलवर 'अमुक पदार्थात विष सापडले' असे वाचलेत तर दोन गोष्टी विचारा: किती, आणि कोणत्या रूपात? संदेशात ही उत्तरे नसतील तर तो पुढे पाठवू नका. आणि भात उद्याही करा, पहिले पाणी काढून.